भावाला त्याची फुप्फुसं संशोधनाला द्यायचीयत, गोव्यात कुणाला विचारू?

खांडेपारकाठची

नमस्कार सगळ्यांना. लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, आज लिहितेच. मोठं होईल, वैतागू नका.

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, त्याला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जन्मापासूनचा आजार, आईकडून एक आणि बाबांकडून एक असे दोन बिघडलेले जीन आले की होतो, त्या दोघांना स्वतःला काहीच होत नाही. छातीतला कफ इतका चिकट की निघता निघत नाही, आणि स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल. आमच्या घरी सगळ्यात आधी आजीला कळलं होतं म्हणायला हरकत नाही. तो तीनेक महिन्यांचा असताना त्याच्या कपाळाचा मुका घेऊन ती म्हणाली, हे पोर मिठागरातून उचलून आणल्यासारखं खारट लागतंय. सगळे हसले. मग दोन वर्षं न्यूमोनिया, मध्ये सहा महिने टीबीची औषधं (टीबी नव्हताच), आणि शेवटी वेल्लोरला घामाची टेस्ट झाली तेव्हा क्लोराइड ९४ आलं. ६० च्या वर गेलं की सीएफ धरतात.

आता मुद्दा. यंदा चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधताना तो स्टुलावर उभा होता, हातात कवंडळांचा घोस, आणि दोन फांद्या बांधून झाल्यावर त्याला दम लागला म्हणून तिथेच स्टुलावर बसला. आणि बसल्या बसल्या, जसं कुणी म्हणेल जरा पाणी दे गं, तसं म्हणाला, "माझ्यानंतर माझी फुप्फुसं त्या औषधं शोधणाऱ्यांना द्या. जाळून काय उपयोग, एवढी वर्षं मी सांभाळलीयत ती." बाबा काहीतरी शोधायला मागच्या पडवीत गेले. आई स्वयंपाकघरात होती पण तिनं ऐकलं, कारण पातोळ्यांची पानं पुसायचा आवाज थांबला.

त्यानंतर त्यानं तीन वेळा विचारलंय, चौकशी केलीस का. त्याचं डोकं शाबूत आहे, डिप्रेशन वगैरे नाही, उलट घरात सगळ्यात जास्त जोक तोच मारतो. फुंकायची टेस्ट (फुप्फुसं किती चालतात ते बघायची) ३८ टक्क्यांवर आलीय. तो नेटवर वाचत असतो, अमेरिकेत सीएफचे पेशंट संशोधनासाठी फुप्फुसं, स्वादुपिंड सगळं देतात असं त्यानंच मला सांगितलं.

मला विचारायचंय ते असं की गोव्यात हे होतं का? कुणाकडे नाव नोंदवायचं? घरून बॉडी कोण नेतं, खर्च कुणाचा, अंत्यविधी होतो ना? आणि मावशी म्हणते असलं कुठे लिहूबिहू नको, तुझं लग्न व्हायचंय, घराण्यात आजार आहे असं होईल. (मावशी, तू हे वाचत असशील तर सॉरी.)

गडबड्या_म्हापसा

ताई, सोपं आहे, नोट्टोच्या (अवयवदानाची केंद्र सरकारची संस्था) साइटवर आधार टाकून प्लेज करायचं, दोन मिनिटांत सर्टिफिकेट येतं, मी केलंय, पाकिटात ठेवलंय. अवयव, डोळे सगळं त्यात आहे. तुमच्या भावाला सलाम.

पाडेली_काका

चोविसाव्या वर्षी मरणाच्या गोष्टी कशाला करता मुलाला घेऊन. देवावर भरवसा ठेवा, चांगलं होईल. आमच्या शेजारच्या मुलाला पण दमा होता, आता फुटबॉल खेळतो.

रात्रपाळी

काका, दमा नाही हा, आणि मरणाचा विषय त्या मुलानं स्वतः काढलाय, तर निदान त्याला उत्तर तरी मिळू दे.

खांडेपारची ताई, मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचं काम करते, कुठे ते नको. गडबड्यानं जे सांगितलं ते चुकीचं नाही पण तुझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. याच गोष्टीवर रोज कुणीतरी अडकतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तीन वेगवेगळी दानं आहेत आणि लोक तिन्हीला "देहदान" म्हणतात. पहिलं, दुसऱ्या पेशंटला लावायला अवयव देणं. ते १९९४ च्या कायद्याखाली येतं, आणि आपल्या गोव्याला एक गंमत सांगते, हा कायदा ज्या राज्यांत सगळ्यात आधी लागू झाला त्यात गोवा होता, महाराष्ट्र आणि हिमाचलबरोबर, फेब्रुवारी १९९५ मध्ये. २०११ ला दुरुस्ती होऊन त्यात टिश्यू आले, म्हणजे कॉर्निया, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा. जिवंतपणी भरायचा तो फॉर्म ७, आणि ब्रेनडेड झाल्यावर नातेवाइकांनी सही करायचा तो फॉर्म ८. गोव्यासाठी याचं ऑफिस, सोट्टो, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसी) आहे. पण हा सगळा कायदा उपचारासाठीच आहे, त्याच्या पहिल्या ओळीतच तसं लिहिलंय. तिथे "संशोधनासाठी" असा रकाना शोधत बसलीस तर मिळणार नाही.

दुसरं, अख्खा देह मेडिकल कॉलेजच्या अॅनाटॉमीला. ते मुलांना शिकायला. तिथे संसर्ग असलेला देह, पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत. सीएफच्या पेशंटच्या छातीत शेवटी शेवटी औषधांना दाद न देणारे जंतू असतात, तेव्हा तिथे नकार येऊ शकतो, आणि घेतला तरी त्यातून सीएफचं औषध निघणार नाही. भावाला जे हवंय ते हे नव्हे.

तिसरं म्हणजे संशोधनासाठी टिश्यू देणं. हे कुठल्याही कार्डावर होत नाही. एखादी लॅब किंवा बायोबँक (असे नमुने जपून ठेवणारी जागा) पाहिजे, तिच्याकडे एथिक्स कमिटीनं मंजूर केलेला प्रोजेक्ट पाहिजे, आणि त्या प्रोजेक्टचा स्वतःचा संमतीचा फॉर्म. आपल्याकडे याचं चालू उदाहरण म्हणजे बंगळूरचं निम्हान्स, तिथे १९९५ पासून मेंदूंची बँक आहे, घरचे लोक संमती देतात आणि मेंदू संशोधनाला जातो. मद्रास आयआयटीत कॅन्सरच्या गाठींची बँक आहे. पण सीएफच्या फुप्फुसासाठी गोव्यात कुणी रात्री दोन वाजता गाडी घेऊन येईल अशी सोय नाही, हे तुला स्पष्ट सांगितलेलं बरं.

भाऊ अमेरिकेचं वाचतो ते बरोबर आहे. तिथे फिलाडेल्फियाला नॅशनल डिसीज रिसर्च इंटरचेंज म्हणून संस्था आहे, १९८० पासूनची. पेशंट जिवंतपणी नाव नोंदवतो, वेळ आली की घरचे फोन करतात, टीम येऊन टिश्यू काढते, देह घरच्यांना परत, घरच्यांना खर्च शून्य, अंत्यविधी नेहमीसारखा. पण ते तिथल्यांसाठी. खांडेपारहून फुप्फुस फिलाडेल्फियाला जाणार नाही, पेशी एवढा वेळ थांबत नाहीत.

डोळ्यांचं मात्र आजच करा. कॉर्निया सहा तासांत काढावा लागतो, सीएफ आहे म्हणून तो आपोआप बाद होत नाही, आय बँक बघून ठरवते. आणि लावायला नाही चालला तरी तुमची संमती असेल तर शिकवायला, संशोधनाला वापरतात.

खांडेपारकाठची

थँक्यू गं, एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. वाचून थोडं वाईट वाटलं खरं. म्हणजे त्याला काय सांगू, नाही होत म्हणून?

एक_आई

बाय, मी सत्तरी तालुक्यातली. माझी मुलगी १९ वर्षांची असताना गेली, हाच आजार. पाच वर्षं होतील आता.

तिनं पण असंच सांगितलं होतं. आणि मी तुझ्या आईसारखीच गप्प बसले होते, पान पुसत नव्हते, नेब्युलायझरचा मास्क धूत होते एवढाच फरक. मग शेवटच्या वर्षी मी सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या घर डोक्यावर घेतील. त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून देवळात गेल्या आणि देवीला प्रसाद लावला. पाकळी उजवीकडची पडली. घरी येऊन म्हणाल्या, देवीनं हो म्हटलंय, आता कुणी मध्ये बोलायचं नाही.

देवीचा उजवा कौल मिळाला पण हॉस्पिटलचा काही मिळाला नाही. ज्या हॉस्पिटलात ती गेली (नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती) तिथे मी ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगितलं की हिचं फुप्फुस संशोधनाला द्यायचंय. पहाटेचे चार वाजले होते. तो पोरगाच होता, माझ्या मुलीपेक्षा सातआठ वर्षांनी मोठा असेल. त्याला वाटलं मी शुद्धीवर नाही. पाणी आणून दिलं मला. म्हणाला, मावशी, असलं काही नसतं. मी तिचं पत्र दाखवलं, तिनं वहीच्या पानावर लिहिलेलं, तर तो म्हणाला हे कुणाला द्यायचं तेच मला माहीत नाही. खरंच होतं त्याचं, मला तरी कुठे माहीत होतं. मी समजत होते की पत्र दाखवलं की पुढची यंत्रणा हलेल. यंत्रणाच नव्हती.

डोळे गेले, आय बँकेची माणसं आली, पंधरा-वीस मिनिटांत झालं, चेहरा जसाच्या तसा. तेवढं झालं.

पत्र अजून माझ्याकडे आहे. तुला एवढंच सांगते, मी जे पहाटे चारला विचारलं ते तू आत्ता दुपारी अकराला विचार, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला, तो समोर बसलेला असताना.

पेट्रीडिश

वरचं वाचून काही मिनिटं नुसता बसून होतो. एक_आई, तुम्हाला काय लिहू कळत नाहीये.

मी डिचोलीचा, सध्या युरोपात एका लॅबमध्ये आहे, फुप्फुसाच्या पेशींवरच काम करतो. ताई, भावाला "नाही होत" असं सांगू नकोस. कारण मेल्यावर फुप्फुस देणं हा एकच रस्ता नाही, आणि खरं सांगू, आमच्या कामासाठी तो सगळ्यात चांगला रस्ता पण नाही. जिवंत माणसाकडून मिळालेली जिवंत पेशी आम्हाला जास्त उपयोगी पडते. आणि ती आत्ता देता येते.

कसं ते सांगतो. कोविडमध्ये टेस्टला नाकात काडी घालायचे आठवतंय ना, तसाच एक बारीक ब्रश नाकात आतपर्यंत घालून थोडा फिरवायचा. त्यावर ज्या पेशी येतात त्या श्वासनळीतल्या पेशींच्या सख्ख्या चुलत बहिणी. त्या लॅबमध्ये बारीक भोकांच्या पडद्यावर वाढवायच्या, खाली पोषणाचं पाणी, वर नुसती हवा. तीनचार आठवडे काही होत नाही, कंटाळा येतो, मग एक दिवस मायक्रोस्कोपखाली बघावं तर त्यांना केस फुटलेले असतात आणि ते सगळे एका दिशेला हलतायत, वायंगणाच्या शेतावरून वारा गेल्यासारखे. निरोगी माणसाच्या पेशी असतील तर. सीएफच्या असतील तर तेच शेत चिखलात आडवं झाल्यासारखं दिसतं, केस असतात पण वरचा कफ इतका घट्ट की हलताच येत नाही. मग औषध टाकायचं आणि बघत बसायचं. पहिल्यांदा मी ते हलताना पाहिलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि लॅबमध्ये सांगायला कुणी नव्हतं, मी घरी आईला फोन केला, तिला वाटलं माझं लग्न ठरलं.

दुसरा रस्ता जरा लाजेचा आहे पण सांगतोच, गुदद्वारातून आतड्याच्या अस्तराचा दोनतीन मिलिमीटरचा तुकडा घेतात. तिथे दुखण्याच्या नसा नाहीत त्यामुळे कळतही नाही. त्यातल्या मूळ पेशींपासून जेलमध्ये छोटे छोटे पोकळ गोळे वाढतात, त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्यांवर एक रसायन टाकलं की ज्यांचं सीएफटीआर (सीएफमध्ये बिघडतो तोच जीन) चालतं ते गोळे तासाभरात टम्म फुगतात, तेलात पुरी सोडल्यावर फुगते तसे. सीएफवाले फुगत नाहीत. आता औषध टाकून परत बघायचं, पुरी फुगली तर त्या माणसाला ते औषध लागू पडायची शक्यता चांगली. नेदरलँड्समध्ये उट्रेक्टच्या लोकांनी हे २०१३ ला दाखवलं.

तिसरं म्हणजे उद्या जर त्याच्या फुप्फुसाच्या ट्रान्सप्लांटचं ठरलं, तर जुनी दोन्ही फुप्फुसं बाहेर निघणारच (सीएफमध्ये दोन्ही बदलावी लागतात, एक ठेवलं तर त्यातले जंतू नव्यात जातात). आज जी सीएफची औषधं आहेत ती औषधं बाजारात यायच्या आधी ज्या पेशींवर तपासली, त्या अशाच ट्रान्सप्लांटमध्ये काढून टाकलेल्या फुप्फुसांतून घेतलेल्या होत्या. आधी विचारलं नाही तर ती फुप्फुसं पिवळ्या पिशवीत जातात आणि भट्टीत जळतात, बायोमेडिकल वेस्टचा नियमच आहे तसा. म्हणून ऑपरेशनच्या आधी, सर्जनला, लेखी.

एक विचारू का, भावाच्या जीनच्या रिपोर्टात काय आलंय? एफ५०८डेल, म्हणजे सीएफमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा बदल, आहे का?

खांडेपारकाठची

नाही. दोन्ही वेगळेच आहेत. एकाबद्दल डॉक्टर म्हणाले हा यादीतही नीट सापडत नाही. म्हणून ते नवीन औषध लागू पडेल की नाही सांगता येत नाही असं म्हणाले. तसंही ते कुठे परवडतंय.

पेट्रीडिश

मग तर त्याची पेशी सोन्याची आहे. मी उगाच फुगवून सांगत नाही, ऐक.

सीएफटीआर हा जीन १९८९ ला सापडला, सातव्या क्रोमोझोमवर. त्यात दोन हजारांच्या वर वेगवेगळे बदल सापडलेत. युरोप-अमेरिकेत बहुतेक पेशंटकडे एफ५०८डेलची निदान एक तरी कॉपी असते, म्हणून औषधं त्याला धरून बनली. २०१२ ला पहिलं आलं इव्हाकाफ्टर, २०१९ ला तीन औषधांचं एकत्र आलं. आपल्याकडे भारतात एफ५०८डेलचं प्रमाण बरंच कमी, आणि जे बाकीचे बदल आहेत त्यातले कितीतरी गोऱ्या लोकांत दिसतच नाहीत. ज्या बदलाचे जगात दहावीस पेशंट, त्यावर शेकडो लोकांची ट्रायल कशी करणार? तर अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०१७ ला इव्हाकाफ्टरच्या यादीत एका फटक्यात २३ बदल वाढवले ते लॅबमधल्या पेशींच्या निकालावर. २०२० च्या डिसेंबरात तीन औषधांवाल्याच्या यादीत १७७ वाढवले, ते पण तसेच. म्हणजे लॅबमधली पेशी हलली की माणसाचं नाव यादीत लागतं. पण पेशी लॅबमध्ये पोचलीच नाही तर तो बदल कुणी तपासणारच नाही. तुझ्या भावासारखे लोक यादीत नसतात कारण त्यांची पेशी कुणी मागितलेलीच नाही.

साधा_माणूस

सगळं छान आहे पण एक कडू प्रश्न विचारतो. पेशी आमच्या पोरांच्या, औषध परदेशी कंपनीचं, आणि किंमत? तीन औषधांवाल्याची अमेरिकेतली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर आहे. आपल्या रुपयांत अडीच कोटीच्या वर. दर वर्षी. आयुष्यभर. म्हणजे फुकट माल द्यायचा आणि मग तोच माल कोटींना विकत घ्यायचा? आपल्याकडचं खनिज असंच गेलं बोटीत भरून, लोकांकडे काय राहिलं तर खड्डे आणि पाणी. भावाची भावना मोठी आहे, पण भावनेचा धंदा होतो हे पण त्याला सांगा.

पेट्रीडिश

दादा, डिचोलीच्या माणसाला खाणीचं उदाहरण दिलंत, आता मी काय बोलणार. आमच्या आजोबांची भाटं त्या खड्ड्याच्या काठावर होती.

तुमचा राग खोटा नाही. किंमतीचं समर्थन मी करणार नाही, माझ्या पगारात ते औषध मलाही घेता येणार नाही. पण खनिज एकदा गेलं की गेलं, इथे अटी तुम्ही आधी लिहू शकता. संमतीच्या फॉर्मवर वेगवेगळे रकाने असतात, तुमचा नमुना कंपनीला दिलेला चालेल का, देशाबाहेर गेलेला चालेल का, पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरलेला चालेल का, काही सापडलं तर तुम्हाला कळवायचं का. प्रत्येकावर वेगळी खूण करता येते. लोक घाईत सगळीकडे हो करतात. आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधनाची आपली सरकारी संस्था) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात संमती मागे घ्यायचा हक्क आहे, लाभात वाटा हा मुद्दा पण आहे. आणि नमुना परदेशी प्रोजेक्टला जाणार असेल तर वरून मंजुऱ्या लागतात, कुणी मेल करून "कुरियरनं पाठवा" म्हणालं तर सरळ ब्लॉक करा.

बाकी, माझ्या फ्रीजमध्ये कुणाचं नाव नसतं, नंबर असतो. पण नंबरामागं कुणीतरी आहे हे विसरत नाही माणूस, निदान मी तरी. एकदा एका डब्याबरोबर देणाऱ्याचं वय लिहून आलं होतं, ११. त्या दिवशी आम्ही जेवायला उशिरा गेलो.

रात्रपाळी

साधा_माणूस, पैशांचं एक अजून. अवयव असो की टिश्यू, घरच्यांनी पैसे मागायचे नाहीत आणि कुणी देऊ केले तर तिथून उठायचं. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, त्यात तुरुंग आहे.

ताई, आता व्यवहाराचं. पुढच्या वेळी वेल्लोरला जाल तेव्हा त्याच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचार, "तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत सीएफच्या पेशींवर, एथिक्स कमिटीनं पास केलेला अभ्यास चालू आहे का, आणि याचा नमुना त्यात घेता येईल का." रक्त, थुंकी, नाकाचा ब्रश, काय घेतील ते घेतील. दिल्लीला एम्समध्ये पण लहान मुलांच्या विभागात सीएफचं काम बरंच जुनं आहे, तिथे तुमचे डॉक्टर पत्र देऊ शकतात. आणि भावानं स्वतःच्या हातानं एक कागद लिहायचा, दोन साक्षीदार, एक प्रत फाइलला, एक तुझ्याकडे. त्या कागदानं कायद्यानं कुणावर बंधन येत नाही, शेवटी सही जवळच्या नातेवाइकाचीच लागते, पण आईबाबांना त्या वेळी "त्याला काय हवं होतं" हे आठवावं लागत नाही. त्या घडीला माणसाला स्वतःचा फोन नंबर आठवत नाही गं, मी रोज बघते.

मेल्यानंतरचं पण पूर्ण बंद नाही. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मृत्यू झाला तर घरच्यांच्या संमतीनं पॅथॉलॉजीवाले क्लिनिकल ऑटोप्सी करू शकतात, पोलिसांच्या पोस्टमॉर्टेमपेक्षा हे वेगळं, त्यात तपासणीसाठी फुप्फुसाचा भाग ठेवून घेता येतो आणि देह परत मिळतो. त्यातून पेट्रीडिशच्या शेतातल्या पेशी वाढणार नाहीत, पण फॉर्मलिनमधला तुकडा शिकायला, तपासायला वर्षानुवर्षं राहतो. हेही आधी बोलून ठेवायचं, एक_आईंनी सांगितलं तसं, दुपारी अकराला.

आणि मावशीला सांग की सख्खी बहीण म्हणून तू वाहक (म्हणजे एकच बिघडलेला जीन, स्वतःला आजार नाही) असायची शक्यता तीनात दोन आहेच, थ्रेड लिहिलास म्हणून ती वाढत नाही. लग्नाआधी तुझी एक टेस्ट, तू वाहक निघालीस तर मुलाची, आणि तो वाहक निघाला नाही तर सीएफची भीती जवळजवळ संपली. जो मुलगा टेस्टला घाबरून पळेल तो चवथीला माटोळी बांधायला पण येणार नाही.

गडबड्या_म्हापसा

माझं पहिलं उत्तर मागे घेतो. पण प्लेज चांगलंच आहे, ते तरी करा लोकांनो.

पाडेली_काका

मी दम्याचं बोललो ते अज्ञानापोटी. मुलाला माझा आशीर्वाद सांगा. डोळ्यांचा फॉर्म कुठे मिळतो, माझं वय ७१, चालेल का?

रात्रपाळी

चालेल काका, डोळ्यांना वयाची अडचण सहसा नसते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. जवळच्या आय बँकेत किंवा सरकारी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात विचारा. आणि घरी सांगून ठेवा, कपाटात फॉर्म ठेवून गेलात तर तो तेराव्याला सापडतो.

खांडेपारकाठची

तीन दिवस आले नाही कारण सगळा थ्रेड त्याला वाचायला दिला होता आणि तो एकेक उत्तर परत परत वाचत होता. मोबाइलच सोडत नव्हता.

एक_आई, तुमचं वाचून तो बाहेर अंगणात गेला, बऱ्याच वेळानं आला. मला म्हणाला त्यांना लिही की तिचं वहीचं पान फाडू नका. बस एवढंच लिही म्हणाला.

बाकी त्याचं म्हणणं असं. नाकाचा ब्रश, हो, उद्या सांगा उद्या. थुंकी तर तो बादलीभर देईल म्हणतो. ते मागच्या बाजूचं, त्यावर तो पेट्रीडिशला विचारतोय की पुरी फुगायची गॅरंटी आहे का, असेल तर विचार करू. परदेशात गेलेलं चालेल, कंपनीला दिलेलं चालेल, पण "काही सापडलं तर मला कळवा" या रकान्यावर मोठी खूण. साधा_माणूस दादांना सांग म्हणाला, खनिजाच्या बार्जवर नंबर नसतो, माझ्या डब्यावर असेल.

पुढच्या महिन्यात वेल्लोरची तारीख आहे. बंगळूरपर्यंत रात्रीची बस, मग काटपाडीची ट्रेन. प्रवासात त्याला मीठ कमी पडू नये म्हणून आई दर वेळी चेपणीच्या तोरांची (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) बाटली देते, तो तोर खातो आणि वरचं खारं पाणी पण पितो, डॉक्टरांनी उन्हाळ्यात मीठ जास्त घ्यायला सांगितलंय त्याचा हा आमचा घरगुती अर्थ. काल रात्री ती बरणीतून तोर काढत होती आणि मी शेजारी बसून त्याचा कागद फेअर करत होते, साक्षीदाराच्या जागी बाबांनी सही केलीय, दुसरी जागा रिकामी होती. चवथीपासून या विषयावर ती एक शब्द बोलली नव्हती. काल हात पुसून सही केली, आणि मग मला विचारलं, त्या ब्रशनं त्याच्या नाकाला दुखणार काय गं?

मला माहीत नव्हतं. पेट्रीडिश, काय सांगू तिला?

पेट्रीडिश

त्यांना सांग, डोळ्यांतून पाणी येतं, चारपाच शिंका येतात, कधी रक्ताचा एखादा थेंब दिसतो. शिकताना मी स्वतःच्या नाकात दोनदा करून घेतलंय. दहा मिनिटांत चहा पिता येतो. सोबत रुमाल द्या, तिथला टिश्यूपेपर फार खरखरीत असतो.

आणि त्याला सांग, पुरीची गॅरंटी नाही.